हिरवा रंग फसवा! – ओळख चापड्याची

पावसाळ्यात सह्याद्रीच्या रानात बांबूच्या बेटाजवळून जाताना फांदीला विळखा घालून बसलेला हिरवागार साप कधी कधी दृष्टीस पडतो. बरोबरचा एखादा म्हणतो, "हरणटोळ आहे, उडून टाळूवर चावतो!" दुसरा म्हणतो, "छे, हा तर चापडा!" खरे कोणाचे? नुसत्या रंगावरून हा वाद मिटणार नाही; कारण दोन्ही साप हिरवेच. हरणटोळ सौम्य विषारी आहे. तो उडत नाही आणि माणसाला त्याच्यापासून सहसा धोका नसतो. चापडा मात्र खरा विषारी साप आहे.

मग ओळख कशी पटवावी? दोघांची चित्रे शेजारी ठेवा आणि पुढील लक्षणे ताडून पहा.

१. डोके : हरणटोळाचे डोके लांबट व निमुळते, तर चापड्याचे रुंद, त्रिकोणी असते. त्याची मान बारीक असल्याने डोके वेगळे उठून दिसते.

२. बाहुली : हरणटोळाच्या डोळ्याची बाहुली आडवी, चापड्याची मांजरासारखी उभी असते.

३. डोक्यावरील खवले : हरणटोळाच्या डोक्यावर मोठ्या ढाली, तर चापड्याच्या डोक्यावर बहुतांशी बारीक खवले असतात.

४. खळगा : हे सर्वांत महत्त्वाचे लक्षण. चापड्याच्या डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंस एकेक खळगा असतो. हरणटोळाला तो नसतो.

या खळग्याचे कार्य मोठे नवलाचे आहे. त्याच्या आत एक अतिशय पातळ पडदा ताणलेला असून त्यात मज्जातंतूंची असंख्य टोके असतात. उंदरासारखा उष्ण रक्ताचा प्राणी जवळ आला, की त्याच्या अंगातून निघणारे अवरक्त किरण पडद्यावर पडतात व पडदा किंचित तापतो. अंशाच्या काही सहस्रांशांइतका फरकही सापाला कळतो. म्हणूनच मिट्ट काळोखातही त्याचा नेम चुकत नाही.

वर्गीकरणातही हाच खळगा उपयोगी पडतो. घोणस, फुरसे आणि चापडा हे तिघेही व्हायपरिडी कुलातले. तिघांचेही लांब विषदंत तोंड मिटताना घडी होऊन मागे वळतात. परंतु घोणस व फुरसे यांना खळगा नाही. म्हणून खळगा असलेल्या सापांचे क्रोटॅलिनी हे वेगळे उपकुल मानतात. अमेरिकेतील रॅटल साप याच उपकुलातला.

आता जातीचा प्रश्न. कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांचा अभ्यास करणारे पॅट्रिक रसेल यांनी 1796 च्या आपल्या ग्रंथात या सापाचे चित्र दिले. त्यावरून 1802 साली जॉर्ज शॉ यांनी त्याला 'ग्रामिनिअस', म्हणजे गवतासारखा, हे नाव दिले. पुढे घोटाळा झाला. आग्नेय आशियातील अनेक हिरव्या सापांनाही शास्त्रज्ञ हेच नाव देऊ लागले. आपल्या दोघा सोबत्यांप्रमाणे तेही रंगाला फसले!

1933 साली क्लिफर्ड व सेरा पोप या दांपत्याने हा गुंता सोडवण्यास हात घातला. त्या कामी उपयोगी पडणारे एक लक्षण पहा. भारतीय चापड्यात वरच्या ओठावरचा पहिला खवला नाकपुडीच्या खवल्यापासून अलग असतो. आग्नेय आशियातील पांढऱ्या ओठाच्या जातीत तो त्याला पूर्णतः वा अंशतः जोडलेला असतो. एवढासा खवला, पण रंगापेक्षा खरा साक्षीदार! पुढे डीएनएच्या अभ्यासाने हे नाते अधिक स्पष्ट झाले. 2021 पासून आपला चापडा ट्रायमेरेसुरस या जुन्या प्रजातीतून क्रॅस्पिडोसिफॅलस या प्रजातीत गणला जातो. पांढऱ्या ओठाची जात मात्र ट्रायमेरेसुरसमध्येच राहिली.

तुम्ही विचाराल, नावासाठी एवढा खटाटोप कशाला? कारण प्रश्न जिवाचा असू शकतो. आपल्याकडील प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारांच्याच विषापासून तयार करतात. चापड्याच्या विषावर तिचा भरवसा धरता येत नाही. त्याच्या दंशाने तीव्र वेदना व सूज येते. कधी रक्त गोठण्याच्या क्रियेतही बिघाड होतो. अशा वेळी डॉक्टर रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचनळीत वीस मिनिटे स्थिर ठेवून ते गोठते का हे पाहतात आणि लक्षणांनुसार उपचार करतात. साप कोणता, हे ठाऊक असल्यास त्यांचे काम सोपे होते.

म्हणून लक्षात ठेवा : खवले मोजायचे ते संग्रहालयात, रानात नव्हे. साप मारू वा पकडू नका. मेलेल्या सापाचे डोकेही दंश करू शकते. दंश झाल्यास जखम कापू नका, करकचून दोरी बांधू नका. रुग्णाला धीर द्या, दंश झालेला अवयव न हलवता त्याला ताबडतोब रुग्णालयात न्या. सुरक्षित अंतरावरून छायाचित्र मिळाले तर उत्तम. न मिळाले तर त्यासाठी खोळंबू नका.

विचार करा :

१. घोणस व चापडा एकाच कुलात का, आणि निरनिराळ्या उपकुलांत का?

२. रंग हे जात ओळखण्याचे कच्चे लक्षण का ठरते? तुमच्या परिसरातील पक्षी किंवा फुलपाखरांतून एक उदाहरण शोधा.