टाकी, काठी आणि हार्मोनचे ठोके

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. विषय मात्र आपल्या सिग्नलचाच आहे.

दिवाळीत पिंगळीला मामाकडे गेले होते. मामेभाऊ पंधराचा झाला, तरी आवाज फुटला नाही, मिसरूड नाही. सकाळी एकदा रक्त तपासलं, रिपोर्टात एलएच हे हार्मोन ‘कमी’. मामी रडायलाच लागली.

एलएच मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीतून एकसारखं झिरपत नाही, ठोक्याठोक्याने सुटतं. मोठ्या पुरुषात दोन ठोक्यांमध्ये साधारण एक-दोन तास. वयात येताना तर ठोके आधी झोपेतच वाढतात, हे १९७२ साली दिसून आलं. मग सकाळच्या एका सुईने काय कळणार?

मामाच्या गच्चीवरची टाकी घ्या. लाइट आली की मोटर थोडा वेळ चालते, नळ कायम गळतो. मोटर आपल्याला दिसत नाही, फक्त काठी बुडवून पाणी मोजायचं. तासातून एकदा मोजलं तर मधली मोटर निसटते, म्हणून संशोधक दर दहा मिनिटांनी रक्त घेतात. बारा तासांचे ७३ नमुने! अर्धा-अर्धा मिली धरला तरी ३६ मिलीच्या वर जातं, आणि समोर पोरगं आहे.

खरी गंमत तळाशी पाणी असताना. समजा काठीची चूक ०.१ युनिट. पातळी ५ असेल तर ती नगण्य, पण ०.२ असेल तर नुसत्या चुकीनेच ०.३ दिसेल. म्हणजे दीडपट! त्याला ठोका म्हणायचं का? म्हणून प्रत्येक नमुना दोनदा मोजतात, त्या पातळीला चूक किती ते काढतात आणि चढ तिच्या बराच वर गेला तरच धरतात. शिवाय खरा ठोका गळत-गळत उतरतो. नॉइज पुढच्याच नमुन्यात धपकन खाली येतो. आपला आरसी सर्किटचा कर्व्हच की!

इतकं थोडं हार्मोन मोजायची किरणोत्सारी रीत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी काढली. यॅलोबाईंना १९७७ चं नोबेल मिळालं, बर्सन तोवर वारले होते. बाई फिजिक्सच्या, इलिनॉयच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ४०० जणांत एकट्या. (आमच्या वर्गात आम्ही नऊजणी आहोत, बरं आहे.)

भावाला ७३ सुया कुणी टोचल्या नाहीत. परभणीच्या डॉक्टरांनी मामालाच विचारलं, ‘‘तुम्हाला मिशी कधी फुटली?’’ उत्तर आजीने दिलं, ‘‘बारावीनंतर.’’ सहा महिन्यांनी परत बोलावलंय.