भाचीला किती परीक्षा?

प्रश्न : माझी भाची निपाणीच्या मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीत आहे. जूनपासून ती कोल्हापुरात आमच्याकडे राहून सातवीला जाईल. इथे स्कॉलरशिप, पॅट, आठवीची वार्षिक परीक्षा अशी नावं ऐकून तिची आई घाबरली आहे. राज्य बदललं म्हणून यातलं काय काय तिला द्यावंच लागेल? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : प्रत्येक परीक्षेबद्दल आधी एकच विचारा : यात मार्क कमी पडले तर मुलीचं काय होईल? बऱ्याच परीक्षांपुरतं उत्तर ‘काहीच नाही’ असं येतं.

शिष्यवृत्ती परीक्षा ऐच्छिक आहे. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. पूर्वी ती चौथी-सातवीला होती, 2016-17 पासून पाचवी-आठवीला गेली आणि 2025-26 पासून शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीला आणली. म्हणजे भाची आल्या वर्षीच बसू शकेल. प्रत्येकी 150 गुणांचे दोन पेपर असतात : एकात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. आपल्या जिल्ह्यात या परीक्षेची चुरस फार, पहाटेपासून जादा तास चालतात. नव्या शाळेत पाय ठेवताच तिला त्यात ढकलू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

पॅट म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणी. सरकारी आणि अनुदानित शाळांत ती होते. मूल भाषेत, गणितात कुठे अडतं हे शिक्षकांना कळावं, एवढाच तिचा हेतू. 4 डिसेंबर 2024 ला देशभर झालेलं ‘परख’ सर्वेक्षण तर निवडक शाळांतल्या तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांचं होतं. त्यातून राज्याचं, जिल्ह्याचं चित्र दिसतं, एकेका मुलाचा निकाल लागत नाही.

खरी अट येते ती पुढच्या वर्षी, आठवीच्या अखेरीस. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत नापास करायचं नाही, असं होतं. 2019 च्या दुरुस्तीने तो निर्णय राज्यांवर सोपवला आणि वाटा फुटल्या. तमिळनाडूने पाचवी-आठवीची सार्वजनिक परीक्षा जाहीर करून फेब्रुवारी 2020 मध्ये, ती होण्याआधीच, मागे घेतली. कर्नाटकात असल्या परीक्षांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल 2024 मध्ये निकाल रोखले गेले. महाराष्ट्राने 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा लागू केली. प्रत्येक विषयात 35 टक्के लागतात. ते न मिळाल्यास जादा मार्गदर्शन आणि दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा. तीही हुकली तरच मूल त्याच वर्गात राहतं. शाळेतून मात्र काढता येत नाही.

त्याच आठवीत एनएमएमएस ही परीक्षाही असते. तीही ऐच्छिक. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि शाळा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित असेल, तर निवड झालेल्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. घरची परिस्थिती बेताची असेल तर ही सोडू नका.

मला काळजी वाटते ती परीक्षांपेक्षा हिंदीची. आपल्याकडे मराठी शाळेत पाचवीपासून हिंदी असते. निपाणीत तिने मराठीबरोबर कन्नड आणि इंग्रजी गिरवलं असेल, हिंदी फारशी नसेल. ‘सुलभभारती’ची पाचवी-सहावीची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. मे महिन्यात रोज थोडं मोठ्याने वाचून घ्या. सातवीच्या वर्गशिक्षकांनाही हे पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे ती मागे पडली तर कारण त्यांना ठाऊक असेल.

दाखल्याचं म्हणाल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे सरकारी वा अनुदानित शाळेला, मूल परराज्यातून आलं असलं तरी, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही.