गावचा कचरा आणि कायदा : इयत्ता सहावी-सातवीसाठी एक पाठ



सकाळी परिपाठापूर्वी शाळेचे अंगण झाडले जाते, केर एका कोपऱ्यात लोटला जातो आणि त्याला काडी लावली जाते. हा क्रम इतका जुना आहे की त्यात काही वावगे आहे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पूर्वी त्या केरात कडुनिंबाची पाने, खडूची भुकटी व फार तर कागदाचे कपटे असत. आज त्याच ढिगात खाऊची चकचकीत पाकिटे, पेनांच्या नळ्या, पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्यांचे तुकडे असतात. त्यांचा धूर वर्गाच्या खिडकीतून आत येतो आणि आत आपण मुलांना परिसराच्या रक्षणाचा पाठ शिकवीत असतो.

प्लास्टिकचा कचरा उघड्यावर जाळू नये, असा सरकारचा नियम आहे. तेव्हा नियमाचा पहिला भंग पुष्कळदा आपल्याच अंगणात होतो, हे मोकळेपणाने मान्य करूनच या पाठाला आरंभ करणे योग्य होईल.

हेतु

(१) कचऱ्यासंबंधी कोणते नियम आहेत आणि ते कोणावर बंधनकारक आहेत, हे विद्यार्थ्यांना समजावे. (२) कचरा वेगळा ठेवणे हा त्या सर्व नियमांचा पाया का आहे, हे त्यांना प्रत्यक्ष कृतीने पटावे. (३) शाळेत एक लहान परंतु कायम टिकणारी व्यवस्था उभी राहावी.

पूर्वतयारी

पाठाच्या आदल्या दिवशीचा शाळेचा केर न जाळता एका घमेल्यात ठेवावा. जुने वर्तमानपत्र, लांब चिमटा, पट्टी, शंभर पानांची वही, तसेच जिल्ह्याचा नकाशा जवळ असावा.

विषयप्रवेश

मुलांना पुढील प्रश्न विचारावेत. तुमच्या आजीच्या लहानपणी घरातून टाकून देण्यासारखे काय निघत असे? शेण कोठे जाई? जुन्या लुगड्याचे काय होई? पऱ्हाटीचे काय होई?

उत्तरे मुलांकडूनच येतील. शेण व केरकचरा उकिरड्यावर जाई आणि उन्हाळ्यात त्याचेच खत होऊन बैलगाडीने शेतात परते. लुगड्याची गोधडी होई, पऱ्हाटीचे सरपण होई, तुरीचे कुटार गुरांपुढे पडे, फुटके भांडे मोडीत जाई. म्हणजे वस्तू पुन्हा उपयोगात आणण्याची विद्या आपल्या गावाला परकी नाही. बदलले आहे ते वस्तूंचे द्रव्य. उकिरडा शेण पचवितो. प्लास्टिक त्याला पचत नाही. खताबरोबर ते शेतात जाते आणि मातीतच राहते. ज्या गोष्टीची जबाबदारी पूर्वी उकिरडा मुकाट्याने पार पाडीत होता, तिच्यासाठी आज कायदा करावा लागला, तो याच कारणाने.

विषयविवेचन

(१) पाणी कोठे जाते? फळ्यावर नकाशा टांगून आपल्या जिल्ह्यातील पाण्याच्या तीन वाटा दाखवाव्यात. उत्तरेकडील पूर्णा तापीला मिळते व तिचे पाणी अरबी समुद्रात जाते. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी पैनगंगा वर्धेला मिळते आणि पुढे गोदावरीवाटे तिचे पाणी बंगालच्या उपसागरास पोहोचते. मलकापूरच्या नाल्यात टाकलेली पिशवी आणि मेहकरच्या नाल्यात टाकलेली पिशवी अशा दोन निरनिराळ्या समुद्रांच्या वाटेला लागतात.

तिसरी वाट लोणारची. उल्कापाताने बसाल्टच्या खडकात निर्माण झालेल्या त्या सरोवरात पाणी येते, परंतु बाहेर जाण्यास मार्ग नाही. जे आत पडले, ते आतच राहते. सन २००० मध्ये हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२० मध्ये सरोवराला रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांत, स्थान मिळाले. २०१७ च्या पाणथळ जागांविषयीच्या नियमांनी अशा ठिकाणी घनकचरा टाकण्यास आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडण्यास मनाई केली. तरीही गावचे सांडपाणी सरोवरात उतरण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत न्यावा लागला. येथे मुलांना विचारावे : नियम होता, मानही मिळाला होता, मग न्यायालयात का जावे लागले? या प्रश्नाचे उत्तर पाठाच्या शेवटी मुलांकडूनच काढून घ्यावयाचे आहे.

(२) नियमांची वाटचाल. सन २००० मध्ये केंद्र सरकारने घनकचऱ्याविषयी जे नियम केले, ते नगरपालिकांच्या क्षेत्रापुरते होते. खेडी त्यांच्या बाहेर होती. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ही मर्यादा ओलांडली व ग्रामपंचायतीवर स्पष्ट कर्तव्ये सोपविली : प्लास्टिक वेगळे करणे, गोळा करणे, साठविणे, पुनर्वापर करणाऱ्यांकडे पोहोचविणे, लोकांना माहिती देणे आणि ते उघड्यावर जाळले जाऊ नये याची खबरदारी घेणे. उत्पादकांवरही, त्यांच्या मालाच्या वेष्टनाचा कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी ठेवण्यात आली.

आपल्या राज्याने २००६ साली अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा केला. त्याच्या आधारे २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलची ताटे-वाट्या इत्यादींवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये, आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कारावास, अशी शिक्षा ठरली. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्रानेही एकदा वापरून टाकावयाच्या काही वस्तू देशभर बंद केल्या. त्या यादीत प्लास्टिकचे पेले, चमचे व नळ्या आहेत, फुग्यांच्या काड्या आहेत आणि प्लास्टिकचे झेंडेही आहेत. राष्ट्रीय सणाच्या दिवशी मुलांच्या हाती कोणता झेंडा द्यावयाचा, हा विचार म्हणूनच शाळेला करावा लागतो.

(३) मायक्रॉन म्हणजे काय? केंद्राच्या नियमात पिशवीची किमान जाडी सांगितलेली आहे. ३१ डिसेंबर २०२२ पासून ती १२० मायक्रॉन झाली. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. वहीची शंभर पाने घट्ट दाबून त्यांची जाडी पट्टीने मोजावी. ती समजा ८ मिलिमीटर भरली, तर एका पानाची जाडी ०.०८ मिलिमीटर, म्हणजे ८० मायक्रॉन होते. १२० मायक्रॉन म्हणजे अशी दीड पाने. पातळ पिशवी वाऱ्याने उडते, एकदाच वापरली जाते आणि इतकी हलकी असते की ती वेचण्याचे श्रम भंगारवाल्यास परवडत नाहीत. जाडीचा नियम याच कारणासाठी आहे.

(४) वेगळे का ठेवावयाचे? आता घमेल्यातील केर वर्तमानपत्रावर पसरावा व शिक्षकांनी स्वतः चिमट्याने त्याचे ढीग करावेत : कुजणारा, विकला जाणारा, आणि ज्याला कोणी घेत नाही असा. बाटल्यांच्या व डब्यांच्या बुडाशी त्रिकोणात एक आकडा असतो, तो मुलांना दाखवावा. १ हा आकडा बहुधा पाण्याच्या बाटलीवर आढळतो. ७ हा इतर व मिश्र प्रकारांचा. खाऊच्या चकचकीत पाकिटात प्लास्टिक व धातू यांचे थर एकमेकांस चिकटलेले असतात, म्हणून त्याला भंगारात किंमत येत नाही. हे पाकीट घ्यावे की नाही, याचा विचार दुकानातच झाला पाहिजे.

ओला केर बाटल्यांवर पडला की भंगारवाला त्या नाकारतो, आणि बाटल्या केरात गेल्या की खत बिघडते. वेगळे ठेवले तर माल, एकत्र केले तर घाण, एवढाच भेद आहे. ग्रामपंचायतीचे वाहन, पुनर्वापराचा कारखाना, दंडाची पावती हे सारे पुढचे टप्पे होत. पहिला टप्पा घरातल्या माणसाच्या हातात आहे. लोणारच्या प्रश्नाचे एक उत्तर येथे सापडते. कचरा एकदा पाण्यात मिसळला की न्यायालयालाही त्याच्या मागे वर्षानुवर्षे धावावे लागते. मिसळण्यापूर्वी तो अडविणे सोपे असते.

उपयोजन

(१) शाळेतील केर जाळणे त्या दिवसापासून बंद करावे. (२) पालापाचोळ्यासाठी खड्डा घ्यावा, अथवा पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नाडेप पद्धतीचे, भिंतीत भोके ठेवलेले विटांचे टाके बांधावे. (३) विकण्याजोगे सुके जिन्नस पोत्यात साठवून भंगारवाल्यास द्यावेत व त्याचा हिशेब मुलांनी वहीत ठेवावा. (४) ज्याला कोणी घेत नाही, त्या पाकिटांची महिनाभर मोजणी करून ती संख्या मुलांनी पत्राने सरपंचांस कळवावी व ग्रामपंचायतीने काय योजना केली आहे, हे नम्रपणे विचारावे.

सावधगिरी

काचा, सुया, औषधांच्या बाटल्या, विजेऱ्या व आरोग्यविषयक वापरलेल्या वस्तू यांना मुलांनी हात लावू नये. गावचा कचरा वेचणे हे मुलांचे काम नव्हे. ते ग्रामपंचायतीचे कर्तव्य आहे. तसेच केर काढण्याची पाळी केवळ मुलींवर किंवा ठरावीक घरांतील मुलांवर येत असेल, तर हा पाठ शिकवूनही फुकट होय. पाळीच्या तक्त्यात सर्वांची नावे असावीत, आणि त्यात पहिले नाव शिक्षकांचे असावे.

समारोप

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले गाडगे महाराज (१८७६–१९५६) गावात आले की आधी स्वतः खराटा घेऊन रस्ता झाडीत आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून विचार करावयास लावीत. हातात खराटा व ओठांवर प्रश्न, ही शिक्षकाचीच रीत नव्हे काय? राज्य शासनाच्या ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचे नाव दिले गेले, हे उचितच झाले. पंचायतीच्या कपाटातील नियम मुलांच्या सवयीत उतरविण्याचे काम मात्र शाळेवाचून होणार नाही. उद्या सकाळी अंगण झाडून झाल्यावर काडीपेटी कपाटातच राहू द्यावी. पाठाचा आरंभ तेथूनच होईल.