कोयता म्हणजे किती माणसं?

आमच्या गुऱ्हाळात एकही पोर कामाला नाही. चुलवाणावर, काहिलीवर, पावडरीच्या चाळणीवर जे जे आहेत त्या सगळ्यांची आधार कार्डं फायलीत लावलेली. त्यामुळे परदेशी गिऱ्हाइकाचा तपासनीस आला तेव्हा मी निर्धास्तपणे चहा सांगितला.

तो चहा न पिताच म्हणाला, "आधी फडात जाऊ."

फडात दहा-अकरा वर्षांची मुलगी वाढ्यांनी मोळी आवळत होती. त्यानं मस्टर मागितलं. 16 कोयते, 16 नावं, सगळी पुरुषांची.

"मग या बायका कोण?"

"साहेब, कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक," मी समजावून सांगितलं, आणि सांगता सांगताच घसा कोरडा पडला. 16 बायका माझ्या कागदावर नव्हत्याच. आईच नाही, तर तिच्यामागं राबणारी पोर कुठून असणार?

मुकादम शेजारीच उभा. माझ्याकडून उचल घेऊन, स्टॅम्पपेपर करून टोळी बांधणारा तोच. खाड्याचे पैसे कापणाराही तोच. बेधडक म्हणाला, "मालकानं सांगितली, मी आणली."

ऑर्डर थांबली. या गिऱ्हाइकानं आचारसंहितेवर माझ्या सह्या घेतल्या आणि दर मात्र वर्षागणिक पाडला. ते कुठल्या कलमात बसतं, हे मला कुणी सांगत नाही.

असो. माझ्यासारखे टोळी आणत असाल, तर कोयत्यातल्या बायकोचं नाव मस्टरवर वेगळं लावा, मजुरी तिच्याच खात्यात टाका. उचलीचा कागद स्वतः वाचा. फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही, असं त्यात असेल तर 1976च्या कायद्यानं ती वेठबिगारी. तीन वर्षांपर्यंत कैद. वाद निघाला तर कर्ज वेठीचं नाही हे देणाऱ्यानंच सिद्ध करायचं. वेठीचं ठरलं की बुडालंच. 'पोर आईबापाला हातभार लावतंय' हेही चालत नाही. 14 वर्षांखालच्या मुलाला शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत करता येते; माझा फड त्यांच्या घरचा नव्हे. वकील गाठा, कागद जपा, हे आहेच.

टोळी निघण्याआधी तिच्या गावात मागं राहणाऱ्या पोरांसाठीचं हंगामी वसतिगृह सुरू झालं का, तेवढा फोन करा. ते दिवाळीनंतर उघडणार आणि टोळी दसऱ्याला निघणार असेल, तर पोरं गाडीत बसणारच.

यंदा मस्टरवर 32 नावं आहेत. ऑर्डर अजून आलेली नाही.