विजेचा हिशेब : कोळसा, सूर्य आणि घाटघरचे पाणी

पौष महिन्यातील रात्र. थंडी मी म्हणत असते. उसाच्या फडाच्या कडेला एक शेतकरी दारे धरून उभा असतो आणि त्याचा मुलगा हातात बॅटरी घेऊन बांधावरून पत्र्याचा डबा वाजवीत असतो. डबा बिबट्यासाठी. प्रवरा आणि मुळा नद्यांच्या खोऱ्यात, अकोले, संगमनेर, राहुरी या तालुक्यांत उसाच्या दाट फडांनी बिबट्याला वस्तीचे ठिकाण मिळवून दिले आहे, हे आता सर्वांनाच ठाऊक आहे. प्रश्न असा, की हा शेतकरी दिवसाढवळ्या पाणी न देता रात्री का देतो? त्याचे उत्तर शेतात सापडत नाही. ते विजेच्या जाळ्यात आहे.

शेतीसाठी तीन फेजचा वीजपुरवठा आळीपाळीने, काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री, अशी पद्धत आपल्या राज्यात अनेक वर्षे रूढ आहे. कोळशावर चालणारे वीज केंद्र चुलीप्रमाणे हवे तेव्हा पेटवून हवे तेव्हा विझविता येत नाही. थंड झालेला बाष्पक पुन्हा पूर्ण तापवून संच चालू करण्यास कित्येक तास लागतात आणि त्यासाठी महागडे तेल जाळावे लागते. म्हणून हे संच रात्रंदिवस चालू ठेवावे लागतात. रात्री शहरे झोपतात, कचेऱ्या बंद होतात, मागणी उतरते. त्या वेळी शिल्लक राहणारी वीज घेणारा कोणी हवा असतो, आणि तो कृषिपंप ठरला. कोळशाची वीज की स्वच्छ वीज, हा वाद परदेशांतील परिषदांपुरता आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी एक रात्र फडाच्या बांधावर काढावी.

एका पंपाचा हिशेब

शाळेतील शिक्षकांना हा हिशेब फळ्यावर मांडता येईल. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे सुमारे ३.७ किलोवॉट. तो आठ तास चालला तर ढोबळमानाने तीस युनिट वीज लागते. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण अधिक असल्याने एका युनिटसाठी सुमारे ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे तीस युनिटांसाठी २१ किलो. त्यातून सहा ते आठ किलो राख उरते आणि २८ किलोंच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. एकवीस किलो कोळशातून अठ्ठावीस किलो वायू कसा, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. जळताना कोळशातील कार्बन हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो व त्या प्राणवायूचे वजन वायूत मिळते, हे त्याचे उत्तर.

या हिशेबात आणखी एक रकाना आहे, आणि अवर्षणप्रवण जिल्ह्याच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. केंद्र शासनाच्या पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी पाणीवापराची मर्यादा घालून दिली. शीतमनोरे असलेल्या जुन्या केंद्रांसाठी ती मेगावॉट-तासामागे ३.५ घनमीटर, म्हणजेच युनिटमागे साडेतीन लिटर आहे. तीस युनिटांना १०५ लिटर पाणी झाले. विहिरीतील पाणी उपसण्यासाठी दुसरीकडचे पाणी वाफ होऊन उडते, असा हा प्रकार. बीड जिल्ह्यातील परळी येथील औष्णिक केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. तेथे त्या वेळी उणीव पाण्याची होती, कोळशाची नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यात मोठे औष्णिक केंद्र नाही, त्यामुळे राखेचे तळे वा धुराडे येथे कोणी पाहिलेले नाही. ते ओझे चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, एकलहरे, परळी येथील लोक वाहतात. वीज जाळ्यात एकत्र मिसळते, तेव्हा आपल्या पंपाला नेमकी कोणत्या केंद्राची वीज आली हे सांगता येत नाही. परंतु देशातील वीजनिर्मितीचा सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा अद्याप कोळशाचा आहे, एवढे पुरे.

असे असता कोळसा सोडून का देत नाहीत? या प्रश्नाकडे न्यायबुद्धीने पाहिले पाहिजे. २०२५ साली देशातील एकूण स्थापित वीजक्षमतेचा निम्मा भाग कोळसा, वायू आदी जीवाश्म इंधनांवाचूनचा झाला, असे जाहीर झाले. हे वाचून निम्मी वीज स्वच्छ झाली असा समज होतो, आणि तो चुकीचा आहे. क्षमता म्हणजे गाडीचा कमाल वेग; युनिट म्हणजे प्रत्यक्ष कापलेले अंतर. एक मेगावॉटचा कोळशाचा संच सत्तर टक्के भाराने वर्षभर चालला तर सुमारे ६१ लाख युनिटे देतो. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प आपल्याकडील उन्हात १५ ते १६ लाख युनिटे देतो, आणि तीही दिवसाच. सायंकाळी सात वाजता घरोघरी दिवे, दूरचित्रवाणी, शेगड्या सुरू होतात, तेव्हा सूर्य मावळलेला असतो. कोळशाची बाजू मांडणाऱ्यांचा हा मुद्दा खरा आहे. खाणींवर व केंद्रांवर ज्यांचे संसार उभे आहेत त्या कामगारांचा प्रश्नही खरा आहे. तेव्हा सायंकाळची वीज कोठून आणायची, याचे उत्तर दिल्यावाचून पर्यायी ऊर्जेचे कौतुक अपुरे राहते.

जिल्ह्याच्या पदरात काय आहे

निसर्गाने या जिल्ह्याला पाऊस हात राखून दिला, तरी ऊर्जेची साधने मात्र नाना प्रकारची दिली आहेत. प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले. ते सिंचनासाठी बांधलेले. त्याच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचे व पुढे कोदणी येथे ३४ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र नंतर उभे राहिले. ही वीज आवर्तनाबरोबर येते. कालव्याचे पाणी सुटले तर वीज, नाही तर नाही. पारनेर तालुक्यातील सुपे आणि नगरच्या परिसरातील खांडके येथील पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. टाटा पॉवर कंपनीने उभारलेल्या प्रकल्पांची क्षमता सुपे येथे १७ मेगावॉट व खांडके येथे ५०.४ मेगावॉट. वारा आषाढ-श्रावणात जोर धरतो, म्हणजे ढगांमुळे सौर वीज मंदावते नेमकी त्याच वेळी. पुढे कार्तिकापासून साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सुरू झाला. शंभर टन ऊस गाळला की अठ्ठावीस-तीस टन ओले चिपाड उरते; त्यावर कारखान्याचे काम भागवून उरलेली वीज जाळ्यास देणारे सहवीजनिर्मिती प्रकल्प जिल्ह्यातील अनेक कारखान्यांनी उभारले आहेत. ऊस वाढताना हवेतून घेतलेला कार्बनच चिपाड जळताना परत जातो, हे खरे. ऊस किती पाणी पितो हेही खरे. त्यामुळे चिपाडाच्या विजेला डोळे झाकून हिरवा शिक्का मारणे प्रस्तुत लेखकास पटत नाही.

या सर्वांत लक्षपूर्वक पाहावे असे ठिकाण अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यावर आहे. घाटघर येथे एक जलाशय कड्याच्या माथ्यावर आहे आणि दुसरा खाली कोकणात, ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील चोंढे येथे. दोहोंच्या पातळीत चारशे मीटरच्या आसपास अंतर. मध्ये भूमिगत वीजगृहात १२५ मेगावॉटचे दोन संच. जपानच्या अर्थसाहाय्याने उभा राहिलेला हा प्रकल्प २००८ साली कार्यान्वित झाला आणि रोलरने दाबलेल्या काँक्रीटची धरणे देशात प्रथम येथे बांधली गेली. याचे काम असे : मागणी जास्त असते त्या वेळी वरचे पाणी खाली सोडून वीज घ्यायची, जाळ्यात वीज शिल्लक असते त्या वेळी तीच यंत्रे उलटी फिरवून पाणी वर चढवायचे. वर चढविण्यास शंभर युनिटे लागली तर खाली येताना पंचाहत्तर ते ऐंशी परत मिळतात. पाव भागाचा हा तोटा डोळ्यांत भरतो खरा. पण कणगीतले धान्यही उंदीर थोडे खातात, म्हणून कोणी कणगी बांधण्याचे सोडीत नाही. दोन्ही संच सहा तास चालले तर पंधरा लाख युनिटे होतात.

घाटघरची कल्पना कोळशाच्या सोयीसाठी सुचली होती. रात्री औष्णिक केंद्रांची जी वीज शिल्लक राहते तिने पाणी चढवावे आणि सायंकाळच्या ताणाला ते कामी आणावे, हा मूळ हेतू. आता शिल्लक राहण्याची वेळ बदलू लागली आहे. सौर प्रकल्प जसजसे वाढतात तसतशी भर दुपारी वीज जास्त होते. तेव्हा दुपारच्या उन्हाने पाणी वर चढवावे आणि दिवेलागणीला ते खाली सोडावे, हे त्याच यंत्रांना साधण्यासारखे आहे. वीज साठविता येत नाही असे आपण शाळेत शिकलो. पाणी साठविता येते, आणि सह्याद्रीला कड्यांची वाण नाही.

दिवसाची वीज

आता पुन्हा फडाच्या बांधाकडे येऊ. शेतीची गरज मुळात दिवसाची आहे आणि सूर्यही दिवसाचा आहे. मग शेतीची स्वतंत्र वाहिनी उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पावर चालविली तर रात्रपाळी संपते, हा साधा विचार. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली निघाली आणि तिचा प्रारंभीचा प्रायोगिक प्रकल्प, दोन मेगावॉटचा, पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे झाला. हे गाव निवडले जाणे स्वाभाविक होते. १९७५ साली लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने पाणलोटाचे काम झालेल्या या गावाने गोबरगॅस व सौर दिवे फार पूर्वीच स्वीकारले होते. योजनेचा दुसरा टप्पा २०२३ साली आला. त्यातील पहिला प्रकल्प, तीन मेगावॉटचा, २०२४ साली वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे सुरू झाला. या टप्प्याचे उद्दिष्ट पुढे सुमारे सोळा हजार मेगावॉटपर्यंत नेण्यात आले. येथील वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते आणि पंपाच्या जवळच तयार होत असल्याने दूरच्या वाहिन्यांतील गळती वाचते.

विजेचा कारभार स्थानिक असणे या जिल्ह्याला अपरिचित नाही. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था १९६९ साली स्थापन झाली आणि २०११ साली वीजवितरण महावितरणकडे जाईपर्यंत तिने राहुरी-श्रीरामपूर परिसराला वीज पुरविली. त्या संस्थेचा इतिहास हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

दिवसा आणि स्वस्त वीज मिळू लागली की एक धोका मात्र वाढतो. राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीजबिलाचा भार नाही, आणि सौर पंप घेणाऱ्यास इंधनाचा खर्चच नाही. मग पंप थांबविण्याचे कारण उरते ते एकच : विहीर कोरडी पडणे. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने याचे उत्तर विजेच्या आधीच शोधले. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाल्यानंतर तेथे शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी झाली, ऊस व केळी यांसारखी पिके वर्ज्य ठरली आणि पावसाळ्यानंतर गावात पाण्याचा ताळेबंद मांडून त्यानुसार पिके ठरविण्याची प्रथा पडली. ज्या गावात असा ताळेबंद नाही, तेथे सौर वाहिनी येण्यापूर्वी तो मांडला जाणे इष्ट. पंप उन्हावर चालला म्हणून भूजल भरत नाही.

गायरानाचा ठराव

पंचायत सदस्यांपुढे येणारा प्रत्यक्ष प्रश्न जमिनीचा आहे. एका मेगावॉटला सुमारे चार ते पाच एकर जागा लागते, आणि ती उपकेंद्राजवळ हवी. खाजगी जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये व त्यावर दरवर्षी तीन टक्के वाढ अशी तरतूद आहे. कोरडवाहू शेतकऱ्यास हा सौदा वाईट नाही. गावच्या शासकीय जमिनीवर प्रकल्प झाल्यास ग्रामपंचायतीस विकासकामांसाठी वर्षाला पाच लाख रुपये, तीन वर्षे मिळतात. वीजखरेदीचा करार मात्र पंचवीस वर्षांचा. पंधरा लाखांना पंचवीसने भागले तर वर्षाला साठ हजार येतात. ग्रामसभेने हा आकडा समोर ठेवून बोलावे, त्यात गैर काही नाही. उलट दिवसाच्या विजेचे मोल रुपयांत मोजता येत नाही, असेही ग्रामसभेत कोणी म्हणेल, आणि ज्याने रात्री दारे धरली आहेत तो तसे म्हणेलच.

पण गायरानावर ज्याची मेंढरे चरतात, त्याचा पंप नसतो. पारनेर, कर्जत, जामखेड, श्रीगोंदे या तालुक्यांत धनगर कुटुंबांची उपजीविका माळरानावर आहे. कागदावर पडीक दिसणारा माळ हा कोणाचा तरी गोठा असतो. कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे काळविटांचे अभयारण्य आहे आणि माळढोकासाठी १९७९ साली राखलेले क्षेत्र सोलापूरबरोबर याही जिल्ह्यात पसरलेले आहे. माळढोक पक्षी उडताना विजेच्या तारांवर आदळून मरतात, हे राजस्थानातील अनुभवाने सिद्ध झाले असून २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले. म्हणून जागेचा नकाशा ग्रामसभेपुढे आला की गट क्रमांकाबरोबर तीन गोष्टी पाहून घ्याव्यात : मेंढरांची पाण्यावर जाण्याची वाट कुंपणात अडकते का, पटलांच्या रांगांखाली व भोवती गवत राखून ते कापून नेण्याची मुभा करारात लिहिली आहे का, आणि उन्हाळ्यात पटले धुण्यासाठी पाणी कोणत्या विहिरीतून घेणार. हे ठरावाच्या आधी विचारले तर कंपनीचा प्रतिनिधी उत्तर देतो. कुंपणाचे खांब रोवल्यानंतर विचारले तर तो तलाठ्याकडे बोट दाखवितो.