ग्रीवेतील धमनीप्रतिचय आणि मस्तिष्कहानी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील महारोगाध्यायात कफाच्या २० नानात्मज विकारांमध्ये ‘धमनीप्रतिचय’ याचा उल्लेख येतो. तेथे केवळ नामनिर्देश आहे; संप्राप्ती वा लक्षणे विस्ताराने दिलेली नाहीत. म्हणून ‘अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस तो हाच’ असे छातीठोकपणे म्हणण्याऐवजी, या संज्ञेकडे मार्गदर्शक सूत्र म्हणून पाहणे अधिक सयुक्तिक वाटते.

कॅरोटिड धमनी मानेत जेथे दोन शाखांत विभागते, तेथे प्रवाह काही अंशी मंदावतो व भोवऱ्याप्रमाणे फिरतो. मेदयुक्त थर प्रामुख्याने तेथेच साचतो. त्याचे कण सुटून मेंदूत गेल्यास पक्षाघात संभवतो, हे सर्वज्ञात आहे. परंतु पक्षाघाताविनाही मेंदूची हानी होऊ शकते, इकडे आपले लक्ष कमी जाते. सूक्ष्म कणांमुळे झालेले लहान मृत भाग आणि श्वेतद्रव्यातील बदल एम.आर.आय.मध्ये दिसतात, रुग्णास मात्र त्यांची जाणीवही नसते. पक्षाघाताचा पूर्वेतिहास नसलेल्या उजव्या हाताने काम करणाऱ्या वृद्धांमध्ये डाव्या कॅरोटिडचा तीव्र संकोच आणि बुद्धिमांद्य यांचा संबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आढळला. अर्थात उच्च रक्तदाब व मधुमेहही असेच बदल घडवितात. सर्व दोष एका धमनीच्या माथी मारता येत नाही.

आपल्याकडे वृद्ध रुग्ण विस्मरणाची तक्रार घेऊन येतो आणि लेखणी लगेच ब्राह्मी, शंखपुष्पीकडे वळते. तत्पूर्वी काही प्रश्न अवश्य विचारावेत. एका डोळ्यासमोर काही मिनिटे पडदा पडल्यासारखा अंधार आला होता काय? वाणी अडखळली, एक हात दुर्बल झाला व पुन्हा पूर्ववत झाला, असे घडले काय? डोळ्याचे लक्षण विकृत धमनीच्या बाजूस, तर हातापायाचे विरुद्ध बाजूस असते. असे नुकतेच घडले असल्यास रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

स्टेथोस्कोपने मानेवर मर्मरध्वनी ऐकावा. तो नसला तरी निर्धास्त राहू नये, कारण अतिसंकोचात तो नाहीसाही होतो. निदानासाठी डॉप्लर तपासणी हवी. दोन्ही बाजूंच्या धमन्या एकाच वेळी दाबू नयेत. सुश्रुतांनी ग्रीवेतील मातृका सद्यःप्राणहर मर्मांत गणल्या आहेत. अशा रुग्णात मानेचे जोरकस मर्दन वर्ज्यच समजावे.

चालू असलेले अ‍ॅस्पिरिन वा स्टॅटिन आपल्या औषधासाठी बंद करू नये. रक्त पातळ करणाऱ्या औषधांसमवेत लसूण, गुग्गुळ यांची मोठी मात्रा देताना रक्तस्रावाची शक्यता ध्यानी घ्यावी, आणि रुग्णाच्या मूळ चिकित्सकास तसे लेखी कळवावे.