टाकी घेऊन जा

सावनेर,
एप्रिलअखेर

चि. भाचेराव यांस अनेक आशीर्वाद.

तू पोट्ट्यांना पोलीस भरतीसाठी पळवतोस, संध्याकाळी कबड्डीही घेतोस, हे ताईकडून कळलं. बरं वाटलं, आणि धडकीही भरली. 2014 च्या जूनमध्ये मुंबईत भरतीच्या 5 किलोमीटर धावण्यात उमेदवार दगावले होते. तिथं दमट हवेत घाम वाळत नाही. आणि आपल्या नागपुरात 2013 च्या मेमध्ये पारा 47.9 वर गेला होता.

माझी चूक सांगतो. वजनात बसावं म्हणून एका पोट्ट्यानं पाणी तोडलं होतं, भर उन्हाळ्यात जॅकेट घालून पळायचा. मला दिसत होतं, मी बोललो नाही. एका संध्याकाळी तो चढाईला निघाला आणि आपल्याच गड्यांकडे तोंड करून ‘कबड्डी कबड्डी’ म्हणू लागला. सगळे हसले, मीही हसलो. बनियन घामानं चिंब, म्हणून ऊन लागल्याचं मनातही आलं नाही. अंग कोरडं पडतं ते घरात बसलेल्या म्हाताऱ्यांचं. पळणाऱ्याला ऊन लागतं तेव्हा घाम बहुधा चालूच असतो. पाच मिनिटांत तो कोसळला. वाचला तो शेजारच्या संत्र्याच्या बागेतल्या राखणदारामुळे. त्यानं उचलून थेट टाक्यात बसवला.

तेव्हापासून मी घाम पाहत नाही, बोलणं पाहतो. झोकांड्या, उगाच चिडणं, विचारलं एक नि सांगितलं भलतंच, की उष्माघात समज. गोळे आले, गरगरलं, पण डोकं ठिकाणावर असेल तर सावली आणि मीठ-साखरेचं पाणी पुरतं. डोकं फिरलं तर 108 लाव, पण गाडीची वाट पाहू नको. कपडे उतरव, गळ्यापर्यंत गार पाण्यात बसव, एकानं डोकं धरून ठेवायचं, बर्फ मिळाला तर टाक. अर्ध्या तासात अंग निवलं तर पोरगं बहुधा हाती लागतं. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नको, तापाची गोळीही देऊ नको. खिशातला कांदा भाजीत घाल.

नव्या पोट्ट्यांना दहा-बारा दिवस अर्धंच पळव, उन्हाची सवय व्हायला तेवढे लागतात. ताप-जुलाबातून उठलेल्याला बसवूनच ठेव. पाणी तोडणारा दिसला तर माझ्यासारखा गप्प राहू नको.

सकाळचा सराव सातच्या आत आटोप. आमच्याकडे पाचशे लिटरची जुनी टाकी वरून कापून ठेवली आहे. रविवारी ट्रॅक्टर पाठव.

तुझा,
मामा